सकाळी चालणारी गाडी दुपारी काऊन भरकटते?

प्रश्न: नमस्कार ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेवर सहावी-सातवीला शिकवतो. पोट्ट्यांनी काळ्या पट्टीवरून चालणारी रोबोट गाडी केली, दोन आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर अन् अर्डुइनो ऊनो, म्हणजे गाडी चालवणारा प्रोग्रॅम ज्यात टाकतात तो छोटा बोर्ड. व्हरांड्यात सकाळी मस्त चालते, पण मधल्या सुट्टीनंतर पट्टी सोडून कुठंही जाते. प्रोग्रॅम चारदा टाकून पाहिला, फरक नाही. नवीन सेन्सर मागवू का?

उत्तर: नका मागवू सर, पैसे वाया जातील. तुमचा व्हरांडा पश्चिमेकडे तोंड करून आहे का ते आधी बघा, कारण मला तर हा सगळा उन्हाचाच प्रकार वाटतो. आयआर सेन्सर डोळ्याला न दिसणारा उजेड खाली सोडतो, पांढऱ्यावरून तो परत येतो अन् काळी पट्टी तो गिळते, गाडीला एवढंच कळतं. आता उन्हातही तोच उजेड भरपूर असतो, मग पट्टीवर असली तरी तिला पांढरंच वाटतं.

वर्ध्याकडच्या एका शाळेत अगदी हेच झालं होतं. सगळी पोरं लॅपटॉपवर वाकलेली, कोडमधली चूक शोधतायत, अन् सहावीतली एक मुलगी उठली, गाडीवर दप्तर आडवं धरलं अन् सावलीसावलीनं चालत राहिली, गाडी सरळ पट्टीवर. म्हणाली, "म्याडम, याले ऊन लागते." मला अजून तो आवाज आठवतो.

म्हणून माझं म्हणणं, पोरांना आधी आकडे पाहू द्या, प्रोग्रॅम नंतर. तुमच्या मॉड्यूलवर, म्हणजे सेन्सर बसवलेल्या छोट्या पाटीवर, ए-झिरो पिन असेल तर तिथली वायर ऊनोच्या अ‍ॅनालॉग पिनला (कमी-जास्त आकडा वाचणारी) लावा, सिरीयल मॉनिटरवर, म्हणजे लॅपटॉपवर बोर्डाचे आकडे दाखवणाऱ्या खिडकीत, 0 ते 1023 मधला आकडा येतो. पट्टीवर किती, पांढऱ्यावर किती, सावलीत किती, उन्हात किती, हे पोरांनीच वहीत लिहायचं. कुठं आकडा वाढतो अन् कुठं कमी होतो ते मॉड्यूलवर अवलंबून असतं, सांगून टाकू नका, शोधू द्या. मग सावलीतल्या काळ्या-पांढऱ्याच्या मधला आकडा काळं-पांढरं ओळखायची सीमा म्हणून कोडमध्ये टाका, पुस्तकातला नको. ए-झिरो नसेल तर मॉड्यूलवरचा छोटा स्क्रू हळूहळू फिरवा, पांढऱ्यावरून काळ्यावर नेलं की बारका लाइट बदलला पाहिजे.

सेन्सरभोवती काळ्या कार्डशीटचं कुंपण करा अन् सेन्सर जमिनीपासून एका सेंटिमीटरच्या आत ठेवा. पट्टी इन्सुलेशन टेपची असेल तर ती चमकते, त्यापेक्षा काळा पोस्टर कलर बरा.

अन् पुढं अल्ट्रासोनिक, म्हणजे आवाज सोडून त्याच्या परत येण्यावरून अंतर मोजणारा सेन्सर, घ्याल तेव्हा उन्हाळ्यात भिंतीपासून बरोबर 1 मीटरवर ठेवून बघा. कोडमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर धरलेला असतो, तो साधारण 20 अंशाचा, खोली 40 वर गेली की आवाज जास्त जोरात पळतो अन् सेन्सर 96-97 सेंटिमीटरच दाखवतो. पोरं टेप घेऊन भांडतील, भांडू द्या.