बाबांच्या गोळीपासून सुरुवात कर

प्रश्न : मी पुण्यात एम.एस्सी. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव दौंड. मला नवी औषधं शोधण्याच्या कामात जायचं आहे, पण नोट्सच्या पलीकडे या क्षेत्रात काय चाललंय ते कळत नाही आणि जर्नल्स परवडत नाहीत. बाबांना मधुमेह आहे. ते म्हणतात, ‘पदवी झाली की कुरकुंभला कंपनीत लाग, घराजवळ राहशील.’ काय करू?

उत्तर : बाबांच्या मधुमेहाचा उल्लेख तू ओघात केला आहेस, मी मात्र तिथूनच सुरुवात करतो. त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाच. सिटाग्लिप्टिन हे मधुमेहावरचं औषध दिसलं तर उत्तम, नसलं तरी पहिला रेणू म्हणून तोच घे.

पबकेम या रसायनांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यावर त्याची रचना फुकट मिळते. ती छापू नकोस, वहीत हाताने काढ. एका टोकाला तीन फ्लोरिन असलेलं बेन्झिनचं वलय, दुसऱ्या टोकाला ट्रायझोलचं जोडवलय आणि मधे एक अमिन, म्हणजे नायट्रोजनचा गट. ते अमिन ज्या कार्बनवर आहे, तिथे आरशातल्या दोन रूपांपैकी फक्त ‘आर’ हवं. सगळी कसरत तिथे आहे. २००६मध्ये अमेरिकेत हे औषध आलं, तेव्हा त्या पायरीला ऱ्होडियम या धातूचा उत्प्रेरक आणि दाबाखालचा हायड्रोजन लागायचा. २०१०मध्ये मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांच्या संशोधकांनी ट्रान्सअमिनेज हे एन्झाइम टप्प्याटप्प्याने बदलत नेलं. मुळात ज्या एन्झाइमच्या खाचेत हा रेणू मावतही नव्हता, ते त्याला सामावून घेऊ लागलं. धातू गेला, दाबाचं हायड्रोजनीकरणही गेलं. भारतात २०२२मध्ये पेटंट संपलं, अनेक कंपन्यांनी गोळी काढली आणि किंमत झपाट्याने उतरली. आपल्याकडे १९७०च्या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, ते २००५पासून पुन्हा मिळू लागलं, हेही याच वहीत लिही.

रोज नवीन बातम्यांमागे धावण्यापेक्षा असा एकेक रेणू शेवटपर्यंत नेलास तर बातम्या कळायला लागतील, हे मी अनुभवाने सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना २०२१चं नोबेल कशाला मिळालं ते पाठ असतं, पण ‘त्या कामातलं प्रोलिन हे अमिनो आम्ल उत्प्रेरक म्हणून नेमकं काय करतं, काढून दाखव’ म्हटलं की पेन थांबतं.

वाचायला पैसे लागतील असं समजू नकोस. ‘ऑरगॅनिक सिंथेसिस’ हे प्रयोगांच्या कृतींचं प्रकाशन १९२१पासून निघतं आणि ऑनलाइन फुकट आहे. त्यातली प्रत्येक कृती छापण्याआधी संपादक मंडळातल्या कोणाच्या तरी प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहतात. त्याच्या टिपा आवर्जून वाच : द्रावणाचा रंग कधी बदलतो, थेंब किती सावकाश सोडायचे, टीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर) ठिपका कुठे दिसतो. हे आपल्या पाठ्यपुस्तकात नसतं. ‘बाइलस्टाइन जर्नल’ही फुकट आहे. शिवाय केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली सरकारी संस्थांना जवळपास १३,००० जर्नल्स २०२५पासून खुली झाली आहेत. तुझं कॉलेज त्यात येतं का, ते ग्रंथपालांना उद्याच विचार.

आता कुरकुंभच्या कंपनीतली नोकरी. बाबांचं म्हणणं कमी लेखू नकोस. सिटाग्लिप्टिनची ती सुधारलेली पद्धत प्रोसेस केमिस्ट्रीचंच, म्हणजे कारखान्यात रेणू बनवण्याची पद्धत बसवण्या-सुधारण्याचंच काम आहे. मात्र नवे रेणू आखण्याच्या कामात पुढे जायचं तर बहुतेक ठिकाणी पीएच.डी. विचारतात, म्हणजे नेट-जेआरएफ किंवा गेट या प्रवेशपरीक्षांची तयारी याच वर्षी सुरू व्हायला हवी. कारखान्यातलं काम की नवे रेणू आखणं, यातलं काय जमतं, हे दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट सांगेल. पाषाणला १९५०पासूनची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, जवळच आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आहे. तिथल्या प्राध्यापकांना मेल करण्याआधी त्यांचा एक शोधनिबंध पूर्ण वाच आणि त्यातली न समजलेली एक पायरी मेलमध्ये विचार. नुसता बायोडेटा जोडून पाठवलेल्या मेलला उत्तर येईलच असं नाही.

आणि पुढच्या वेळी दौंडला जाशील तेव्हा कुरकुंभला काम करणारं ओळखीचं कोणी असेल तर त्यांना भेट. पगार आणि शिफ्ट नंतर विचार. आधी हे विचार : फ्लास्कमधली अभिक्रिया मोठ्या रिअॅक्टरमध्ये नेली की पहिल्यांदा काय बिघडतं?