दिवेआगरला गळ टाकण्याआधी

अरे, पुण्याहून रात्री निघून ताम्हिणी उतरलास, वाळूवर पोचलास, की लगेच गळ टाकू नकोस. धरणाच्या काठावर दोरी गुंतली तर निवांत सोडवता येते. इथे समुद्राची ओढ दोन दोऱ्यांची वेणीच घालते. म्हणून आधी उभ्या असलेल्याला विचार, "दादा, कुठे टाकताय?" आणि निदान वीस पावलं सोड. दोरीला बांधलेलं शंभर ग्रॅमचं शिसं फिरवण्याआधी मागे बघ. तिथे हमखास कुणाचं तरी पोर किल्ला करत बसलेलं असतं. शेजाऱ्याला मोठा मासा लागला की आपली दोरी मुकाट गुंडाळायची. मी एकदा आळस केला. त्याचा मासा सुटला, आणि दुपारपर्यंत त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रास्तच होतं म्हणा. कोळ्यांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली दिसली तर सरळ लांब जा.