वाचकांचे प्रश्न : हजेरी, खाडे आणि ७५ टक्के

प्रश्न : मुलगी सीबीएसईच्या दहावीत आहे. कावीळ झाल्याने पाच आठवडे घरी होती. डॉक्टरांचे सर्टिफिकेट शाळेत दिले, तरी वर्गशिक्षिका हजेरी कमी पडेल म्हणतात. असे कसे? – एक पालक, कल्याण

उत्तर : त्या बरोबर सांगत आहेत. सर्टिफिकेट दिले म्हणून खाड्याचा दिवस हजेरीत धरत नाहीत. कमी पडलेल्या हजेरीला माफी मागता येते, एवढाच त्याचा उपयोग.

बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते आणि तिचा हिशेब १ जानेवारीपर्यंतच्या दिवसांवर होतो. समजा, तोवर शाळा १८० दिवस भरली. ७५ टक्के म्हणजे १३५. थोडक्यात, ४५ खाडे चालतात. आठवड्याला सहा दिवस शाळा असेल, तर कावीळीचे ३० गेले. उरले १५. लग्नकार्य, गावची जत्रा, गणपतीला जोडून घेतलेले दोन दिवस यांत ते कधी संपतात ते कळतही नाही. मुलांची हजेरी बहुतेकदा आजारपणाने नव्हे, अशा किरकोळ खाड्यांनी घसरते. म्हणून आजच वर्गशिक्षिकेकडून महिनावार हजेरी लिहून घ्या.

आकडा ७५ च्या खाली जाणार असेल, तर पालकांचा अर्ज, सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्र आणि तपासण्यांचे रिपोर्ट मुख्याध्यापकांकडे द्या. शाळा आपली शिफारस जोडून प्रकरण बोर्डाच्या विभागीय कार्यालयाकडे पाठवते. गंभीर आजार, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय क्रीडा स्पर्धा अशा कारणांसाठीच सूट मिळते. अडते ते तारखांवर. प्रमाणपत्रात ‘१२ ते २०’ लिहिलेले आणि हजेरीपटात खाडे १० पासून, असे असले की पहिले दोन दिवस उघडे पडतात. रजेचा अर्जही त्याच वेळी दिलेला हवा. डिसेंबरात मागची तारीख घालून दिलेल्या अर्जांनी संशयच वाढतो.

प्रश्न : नातू सहावीत आहे. मुलगा-सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, नातूही जातो. शाळा नाव कमी करील का? – एक आजी, बीड जिल्हा

उत्तर : नाही, आजी. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण पटावर नाव राहिले म्हणून शिकणे होत नाही, तेव्हा निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत ते दाखवले की नातू तिथल्या सहावीत बसू शकतो. परतताना तिथून नोंद करून आणायची.

त्याहून बरे म्हणजे त्याला तुमच्याजवळच ठेवणे. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी हंगामापुरते चालणारे हंगामी वसतिगृह गावात सुरू होणार आहे का, हे शाळा व्यवस्थापन समितीला दिवाळीच्या आधीच विचारा. टोळी गेल्यावर यादीत नाव घालणे अवघड जाते. शाळेने दाद दिली नाही, तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : क्लासवाले म्हणतात, सीबीएसई शाळेत फक्त नाव ठेवा, अकरावी-बारावीची हजेरी ‘मॅनेज’ होईल. – एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : पडू नका त्यात. बोर्डाची पथके न कळवता शाळेत येतात आणि पटावरची मुले वर्गात बसली आहेत का ते मोजतात. पकडले गेले की शाळेची संलग्नता धोक्यात येते आणि विद्यार्थ्याला परीक्षेला बसू न देण्याची वेळ येऊ शकते. क्लासची फी मात्र आधीच भरलेली असते. रोज शाळेत जायचेच नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) रीतसर नाव घाला.