आवक क्रमांक आधी, लोकपाल नंतर

प्रिय बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला आणि त्याखालचा मसुदाही वाचला. पेपरला बसलीस, तीन पुरवण्या लावल्यास आणि गुणपत्रिकेत त्या विषयापुढे ‘अनुपस्थित’! कॉलेज म्हणतं विद्यापीठात जा, विद्यापीठ म्हणतं कॉलेजचं पत्र आण, आणि एम.ए.च्या प्रवेशाची तारीख डोक्यावर आलेली. आता थेट लोकायुक्तांकडेच जाते, असं तू लिहिलंयस. राग रास्त आहे. पण माझी सगळी नोकरी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात, खिडकीच्या आतल्या बाजूला गेली. कोणता अर्ज टेबलावरून हलतो आणि कोणता गठ्ठ्यात जाऊन बसतो, हे मी रोज पाहिलंय. त्या जोरावर सांगते, आधी थोडं थांब.

लोकायुक्त म्हणजे राज्याच्या सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं, मंत्रालयासमोर नवीन प्रशासन भवनातलं कार्यालय. मूळ कायदा 1971 चा. कारभारामुळे झालेला अन्याय असेल तर त्याला तिथे गाऱ्हाणं म्हणतात आणि भ्रष्टाचाराचा आरोप असेल तर अभिकथन. त्या कायद्यात गाऱ्हाण्याला ती गोष्ट कळल्यापासून बारा महिने मुदत आहे, अभिकथनाला तीन वर्षं. ठरलेल्या नमुन्यात अर्ज आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. तुझ्या एका ‘अनुपस्थित’साठी ते दार फार लांबचं. गूगलवर नुसतं ‘लोकपाल’ टाकलंस तर दिल्लीचा भ्रष्टाचारविरोधी लोकपाल समोर येईल, तोही तुझा नव्हे. तुझा लोकपाल तुझ्याच विद्यापीठात असायला हवा. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल 2023 मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे नवे विनियम काढले, त्यात प्रत्येक विद्यापीठाला तो नेमायला सांगितलंय. निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश, असा माणूस. संलग्न कॉलेजांतली मुलंही त्याच्याकडे जाऊ शकतात. कित्येक विद्यापीठांनी नेमणूकच केली नाही म्हणून यूजीसीला 2024 मध्ये त्यांची यादी जाहीर करावी लागली, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. तेव्हा आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लोकपालाचं नाव आणि ईमेल शोध, आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेव.

मात्र लोकपालाकडे जायचं ते अपिलात. आधी विद्यार्थी तक्रार निवारण समिती, आणि त्याच्याही आधी तुझा साधा अर्ज. तुझी खरी मेख इथेच आहे. दोन महिने तू खेटे घातलेस आणि हातात एकही कागद नाही. सगळं तोंडी. ‘त्या मॅडम म्हणाल्या’, ‘सर म्हणाले पुढच्या आठवड्यात या’. उद्या लोकपालाने विचारलं की तक्रार कधी केलीस, तर काय दाखवशील?

आता तुझा मसुदा. पहिलं वाक्य असं आहे: ‘विद्यापीठाच्या भोंगळ, बेजबाबदार आणि विद्यार्थीविरोधी कारभारामुळे माझे संपूर्ण आयुष्य उद्ध्वस्त होण्याच्या मार्गावर आहे.’ शब्दन् शब्द खरा असेल. पण खिडकीतल्या माणसाला त्यात करण्यासारखं काहीच नाही. असं लिही:

‘दि. अमुक रोजी अमुक विषयाच्या परीक्षेस मी अमुक केंद्रावर, अमुक ब्लॉकमध्ये हजर होते. माझा आसन क्रमांक अमुक, पीआरएन अमुक. हॉल तिकिटाची प्रत जोडली आहे (जोडपत्र 1). गुणपत्रिकेत सदर विषयापुढे “अनुपस्थित” अशी नोंद आहे (जोडपत्र 2). केंद्राच्या ज्युनिअर सुपरवायझर रिपोर्टवरून माझी उपस्थिती पडताळून निकाल दुरुस्त करावा, ही विनंती.’

बस्स, एवढंच. हे वाचलं की त्याला कळतं की अमुक ब्लॉकचा, म्हणजे परीक्षेच्या त्या खोलीचा, रिपोर्ट काढायचा आणि सही बघायची. त्या रिपोर्टवर तुझी सही आणि उत्तरपत्रिकेचा क्रमांक असतो, आणि तुझ्या प्रकरणात त्या एका ओळीइतका दमदार साक्षीदार दुसरा नाही. घोळ बहुतेक वेळा अगदी साधा निघतो: आसन क्रमांकाचा एक अंक चुकलेला, बारकोडचं स्टिकर शेजारणीशी बदललेलं, नाहीतर कॉलेजने पाठवलेल्या यादीत नावच राहिलेलं. कुणी तुझ्यावर डूख धरलेला नाही. म्हणून कुणा क्लार्कचं नाव घेऊन ‘मुद्दाम केलं’ असं लिहू नकोस. सिद्ध करता येणार नाही, आणि तक्रार खोटी किंवा खोडसाळ ठरली तर तक्रारदारावर कारवाईची शिफारस करायची तरतूद त्याच विनियमांत आहे.

शेवटच्या परिच्छेदात आणखी एक मागणी घाल. निकाल दुरुस्त होईपर्यंत ‘निकाल प्रलंबित आहे’ असं पत्र द्यावं म्हणून. प्रवेशाच्या खिडकीवर निदान दाखवायला काहीतरी राहील.

खाली प्रत कुणाकुणाला, तर कुलपती, शिक्षणमंत्री, पंतप्रधान आणि दोन वर्तमानपत्रं! ती यादी काढून टाक. इतक्या जणांना पाठवलेलं पत्र प्रत्येकाला दुसऱ्याचं वाटतं. अर्ज परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावे, प्रत प्राचार्यांना. मराठीतच लिही, इंग्रजीचा सोस नको.

दोन प्रती घेऊन आवक-जावक खिडकीवर जा. सकाळीच जा, जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर नको. तो एक प्रत ठेवून म्हणेल, ‘ठीक आहे, ठेवून जा.’ तू हलायचं नाहीस. दुसरी प्रत पुढे करायची आणि गोड आवाजात म्हणायचं, ‘दादा, पोच द्या ना.’ मग शिक्का उमटेल. तो नीट बघ. तारीख वाचता येते का, आवक क्रमांक हाताने लिहिलाय का, खाली सही आहे का? पॅडची शाई वाळलेली असते आणि शिक्क्याची नुसती किनार उमटते, तारखेच्या जागी निळा डाग. तसं झालं तर पुन्हा मारून माग. त्याला राग येईल, येऊ दे. पोच द्यायला नाहीच म्हणाले तर स्पीड पोस्टने पाठव, पावती जप आणि ‘डिलिव्हर्ड’चं पान छापून ठेव.

आठवडाभरात हललं नाही, तर तीच हकिकत समितीच्या अध्यक्षांच्या नावे लिही. विद्यापीठाचं तक्रारीचं पोर्टल असेल तर तिथेही भर आणि टोकन नंबर लिहून घे. समितीने शक्यतो कामाचे 15 दिवस धरून अहवाल द्यायचा असतो आणि त्याची एक प्रत तुला द्यायची असते. म्हणणं मांडायला तू स्वतः जाऊ शकतेस किंवा कुणाला प्रतिनिधी म्हणून पाठवू शकतेस. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत लोकपालाकडे अपील. हे 15 दिवस भुर्रकन जातात, म्हणून निर्णयाचा ईमेल किंवा पाकीट टाकू नकोस, तो कधी मिळाला हे त्यावरच्या तारखेवरूनच दाखवता येतं. समितीने काही कळवलंच नाही तर एक स्मरणपत्र दे. मुदतीत न सुटलेली तक्रार विद्यापीठाने लोकपालाकडे पाठवावी, अशी सोय विनियमांत आहे. स्मरणपत्रात तेच स्पष्ट शब्दांत माग आणि लोकपालाच्या ईमेलवर प्रत टाक. पुढे अपील 30 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करणं लोकपालावर बंधनकारक आहे.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेव. दुसऱ्या पेपरात चार मार्क कमी पडले, हे तू तळटीपेसारखं घुसडलंयस. तिथे गाडी रुळावरून घसरेल. नुसत्या पुनर्मूल्यांकनाचा किंवा फेरबेरजेचा अर्ज लोकपाल घेत नाही. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवता आला तरच घेतो. त्या चार मार्कांसाठी उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीचा अर्ज वेगळा कर, त्याची फी वेगळी, मुदत वेगळी.

समितीची वाट बघत बसण्याऐवजी माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाक. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, किंवा राज्याच्या पोर्टलवर ऑनलाइन. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, असा नियम आहे, तेव्हा रामायण नको. माग एवढंच: त्या दिवशीच्या तुझ्या ब्लॉकच्या सुपरवायझर रिपोर्टमधल्या तुझ्या नोंदीची प्रत आणि तुझ्या उत्तरपत्रिकेची प्रत. स्वतःची उत्तरपत्रिका बघायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केलाय. उत्तराला 30 दिवस असतात. घाई एवढ्यासाठी की हे कागद कायम ठेवत नाहीत, ठरावीक काळाने रद्दीत काढतात. अर्ज आधीच पोचलेला असेल तर ‘नष्ट केले’ म्हणणं त्यांना जड जातं.

विद्यार्थी संघटनेचा कुणी दादा मदतीला आला तर घे. कोणत्या मजल्यावर कोणती फाईल असते हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक असतं. मोर्चाची भाषा मात्र तुझ्या अर्जात शिरू देऊ नकोस आणि मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नकोस, झेरॉक्स दे. मोर्चेही कामाचे असतात, नाही असं नाही. 2017 साली मुंबई विद्यापीठाने ऑनस्क्रीन तपासणी आणली आणि उन्हाळी परीक्षांचे निकाल महिनोन् महिने रखडले. आरडाओरडा एवढा झाला की ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. पण तेव्हा हजारो मुलं एकाच होडीत होती. तू एकटी आहेस, एका आसन क्रमांकाची. तुझ्या बाजूने फक्त तारखा बोलणार.

कुणी पैसे मागितले, अगदी ‘चहापाण्याला द्या, उद्या करून देतो’ असं हसत हसत म्हटलं, तरी प्रकरण वेगळं झालं. विद्यापीठाचा कर्मचारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने लोकसेवक ठरतो. देऊ नकोस, वादही घालू नकोस. बाहेर येऊन 1064 ला फोन कर, तो लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर आहे. आणि अगदी हायकोर्टापर्यंत जायची पाळी आलीच, तर बाईमाणसाला मोफत विधी सेवा मिळते, उत्पन्नाचा दाखला न मागता. वकिलाच्या फीचा बागुलबुवा आत्तापासून मनात धरू नकोस.

हॉल तिकीट सापडलं का? त्यावर पर्यवेक्षकाची त्या तारखेसमोरची सही असेल तर आधी त्याचा स्कॅन काढ आणि मूळ प्रत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाल. पावसात लोकलमधून भिजवून आणू नकोस. सुधारलेला मसुदा रविवारपर्यंत पाठव, टाइप केलेला. मागच्या वेळेसारखा वहीच्या पानाचा वाकडा फोटो नको, माझ्या चष्म्याला झेपत नाही. आईला म्हणावं, लोणचं पोचलं.

तुझी,
मावशी