जीभ टोचलीत, आता बार कधी बदलणार?

मी हिरड्यांचा डॉक्टर आहे, टोचणारा नव्हे. पण टोचून घेताना कुणी विचारत नाही आणि टोचल्यावर सगळे विचारतात, त्यामुळे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. या वेळी एकदमच उत्तरे देतो.

जिभेला टोचायचे कुठले प्रकार असतात? मला 'स्नेक आइज' आवडलंय. (विद्यार्थिनी, पुणे)

आवडलं असेल, करू नका. त्यात जिभेच्या टोकातून एकच आडवा बार, म्हणजे दोन्ही टोकांना गोळ्या असलेली दांडी, घालतात आणि दोन्ही बाजूंना गोळ्या दिसतात. जिभेचे डावे-उजवे स्नायू वेगवेगळे हलतात, इथे ते एकमेकांना जखडले जातात. शिवाय गोळ्या दिवसभर पुढच्या दातांवर घासतात. त्यातल्या त्यात बरा प्रकार म्हणजे मध्यरेषेत, टोकापासून थोडं मागे, वरून खाली जाणारा उभा बार. मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जिभेच्या दोन्ही कडांकडून जातात, मध्यरेषेत त्या मानाने कमी धोका. 'व्हेनम'मध्ये मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक बार असतो, म्हणजे त्या रक्तवाहिन्यांच्या अधिक जवळ. जिभेखालच्या पडद्यात टोचलेलं फार काळ टिकत नाही, पातळ पडद्यातून कडी हळूहळू बाहेर सरकते. पडदा आखूड असेल तर उभा बारही जमेलच असं नाही. आधी दंतवैद्याला जीभ उचलून दाखवा.

जीभ मधोमध चिरून घेण्याबद्दलही एकाने विचारलंय. ती शस्त्रक्रिया आहे. टॅटूच्या दुकानात ती केल्याबद्दल तिरुचिरापल्लीत डिसेंबर २०२४ मध्ये अटक झाली आहे.

जखम किती दिवसांत भरते? (नाशिक)

साधारण चार ते सहा आठवडे. सूज पहिल्या तीन ते पाच दिवसांत सर्वांत जास्त.

भोकातून पांढरट काहीतरी येतं. पू आहे का? (ठाणे)

पातळ, पांढरट-पिवळसर आणि वास नसलेलं असेल तर बहुधा जखमेचा नेहमीचा स्राव. घट्ट, हिरवट, दुर्गंधी असलेलं असेल, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. बार स्वतः काढू नका, वरचं तोंड बुजलं तर पू आत अडकतो. आणि ताप, हनुवटीखाली टणक सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास यातलं काहीही असेल, तर सकाळची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात जा. तोंडाच्या तळातला जंतुसंसर्ग काही तासांत श्वासमार्ग दाबू शकतो.

आजी म्हणते हळद-तूप लाव, मैत्रीण म्हणते तुरटी, दुकानदाराने माउथवॉश दिला. काय करू? (सातारा)

तिघांचंही ऐकू नका. एक पेला उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ, खाल्ल्यावर आणि झोपताना अर्धा मिनिट गुळण्या. जास्त मीठ घातलं की लवकर भरतं हा गैरसमज आहे, उलट जखम होरपळते. हळद-तूप भोकात चिकटून बसतं. माउथवॉश अल्कोहोलचा असेल तर नको. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा असेल तर डॉक्टर सांगतील तितकेच दिवस, नाहीतर दात तपकिरी होतात. टूथब्रश नवा घ्या. मिश्री, तंबाखू, सिगारेट, दारू बंद. खिचडी, गार वरणभात, शिरा चालेल. ठेचा काही दिवस लांबच ठेवा.

'सर्जिकल स्टील आहे, पहिली कडी फुकट' असं सांगतात. घेऊ का? गनने (टोचायच्या पिस्तुलासारख्या यंत्राने) टोचलं तर कमी दुखतं म्हणे. (कल्याण)

फुकट कडीची किंमत कुठेतरी लावलेलीच असते. 'सर्जिकल' म्हणून मिळणाऱ्या नेहमीच्या ३१६एल स्टीलमध्ये निकेल असतं आणि निकेलची ॲलर्जी अनेकांना असते. एएसटीएम एफ-१३६ दर्जाचं (शरीरात बसवण्याजोगं) टायटॅनियम मागा आणि पाकीट बघा. गन जिभेसाठी नाहीच. तिचे प्लॅस्टिकचे भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालता येत नाहीत. एकदाच वापरायच्या पोकळ सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातं का, ते पाहा. नाही म्हणाले तर उठून या. सुन्न करायचं इंजेक्शन दुकानात घेऊ नका. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसी झाल्यात का, हेही आधी डॉक्टरांना विचारा.

टोचून पाच महिने झाले. बार पहिलाच आहे. दुखत नाही, सवय झाली आहे. बदलायलाच हवा का? (मुंबई)

हाच प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो, म्हणून सविस्तर. पहिला बार मुद्दाम लांब घालतात, बहुतेकदा १८ ते २२ मिलिमीटरचा, कारण सूज आल्यावर जागा लागते. सूज उतरली की तो लांबीने उरतो. साधारण दोन ते चार आठवड्यांनी आखूड बार घालायचा असतो. किती दुकानं हे सांगतात? टोचताना पैसे मिळाले, आता गिऱ्हाईक परत आलं काय आणि नाही आलं काय. जे सांगतात तेही 'नंतर कधी या' म्हणून सोडतात, आणि 'नंतर' वर्षावर जातं.

दरम्यान तुम्ही काय करता? गोळी दातांमध्ये पकडता, खालच्या दातांवर आतून ढकलता, टीव्ही बघताना टकटक वाजवता. खालच्या पुढच्या दातांची आतली हिरडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ असते. ती हळूहळू खाली सरकते, पिवळसर मूळ उघडं पडतं, मागे कीट साचतं. दुखत नाही, कारण सुरुवातीला ते दुखतच नाही! रुग्ण येतो तेव्हा आरशात एक दात लांब दिसायला लागलेला असतो किंवा हलायला लागलेला असतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लांब बार दोन किंवा अधिक वर्षं वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांची ही हिरडी सरकलेली आढळली. चार किंवा अधिक वर्षं टोचलेल्यांपैकी ४७ टक्क्यांच्या दाढा-उपदाढांचे टवके उडालेले होते. सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही. तोंडातल्या टाळूची त्वचा काढून तिथे शिवावी लागते, आणि तीही दर वेळी पूर्ण झाकते असं नाही.

या आठवड्यात टोचणाऱ्याकडे जाऊन बार आखूड करून घ्या. त्यानंतर हिरड्यांच्या डॉक्टरकडे जाऊन खालच्या पुढच्या दातांची आतली हिरडी मोजून घ्या. दर सहा महिन्यांनी पुन्हा. सरकायला लागलेली दिसली तर बार काढा, मी तरी दुसरा सल्ला देणार नाही.

लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झडपेला त्रास झाला होता. टोचलं तर? (सांगली)

हृदयरोगतज्ज्ञ हो म्हणेपर्यंत नाही. तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर बसू शकतात.

मुलाखतीसाठी दोन दिवस काढून ठेवला तर भोक बुजेल? (नागपूर)

नवं असेल तर काही तासांत.

रात्री बारची गोळी सुटून गिळली गेली. घाबरू का? (कोल्हापूर)

खोकला, धाप, छातीत दुखणं असेल तर लगेच रुग्णालयात, एक्स-रे काढावा लागेल. काही त्रास नसेल तर बहुधा शौचावाटे जाते, तरी फोन करून डॉक्टरांना सांगा. गोळी ॲक्रिलिकची असेल तर पुढच्या वेळी घेऊ नका, ती चावताना फुटते. धातूची असेल तर रोज हात धुऊन घट्ट बसवत जा, आणि उरलेला बार जिभेत तसाच ठेवून झोपू नका.