नेढं, कमान की पूल?

बीडहून भूगोलाच्या एका सरांनी विचारलं आहे: अमेरिकेत युटाच्या वाळवंटात वालुकाश्माचे जे आरपार आकार आहेत, त्यांना मराठीत कमान म्हणावं, नेढं की नैसर्गिक पूल? आणि ‘वाऱ्याने कोरलेली’ असं लिहिलं तर चालेल का?

सर, पूल आधी बाजूला काढू. खालून वाहत्या पाण्याने वाट पाडली असेल तरच पूल. आणे घाटाजवळ गुळुंचवाडीला ओढ्यावर आहे तो असा. युटातल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात असे आकार दोन हजारांहून जास्त आहेत, पण ते काही ओढ्या-नदीने पाडलेले नाहीत.

तिथं जमिनीखाली मिठाचे जाड थर आहेत. वरच्या ओझ्याने मीठ सरकलं, फुगलं आणि वरच्या वालुकाश्माला समांतर उभ्या भेगा गेल्या. भेगा रुंदावल्या, मधे पातळ दगडी भिंती उरल्या. वालुकाश्म म्हणजे शेवटी चिकटून घट्ट झालेली वाळू. पावसाचं पाणी मुरलं की कणांना धरून ठेवणारा चुना विरघळतो, थंडीत भेगेतलं पाणी गोठून फुगतं आणि खपल्या सुटतात. लोणा लागलेली भिंत बुडाशी झडते ना, तसंच. झडता झडता आरपार भोक पडलं की ते नेढं. राजगडावर, रतनगडावर आपण म्हणतो तेच. पुढे छताच्या खपल्या पडत राहतात, भोक वाढतं आणि वर नुसता दगडाचा पट्टा उरतो, ती कमान. दोन्ही शब्द बरोबर, फक्त वय वेगळं. त्याच उद्यानातल्या ‘लँडस्केप आर्च’ या कमानीचा गाळा, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर, सुमारे ९० मीटर. तिला नेढं म्हणणं जरा अतीच होईल! १९९१ मध्ये तिच्या पोटाकडून सुमारे १८ मीटर लांबीची शिळा सुटून पडली. तिथलीच ‘वॉल आर्च’ ही कमान तर २००८ मध्ये कोसळलीच.

‘वाऱ्याने कोरलेली’ मात्र नको. कोरणं वेरूळला झालं: छिन्नी, हात आणि मनात आधीच ठरलेला आकार. इथं वारा मुख्यतः सुटलेली वाळू उडवून नेतो. आकार ठरवायला दगडाचं स्वतःचं वजनही हातभार लावतं. प्रागच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रयोगाने दाखवलं, की जिथं भार येतो तिथले वाळूचे कण एकमेकांत घट्ट अडकतात आणि तो भाग सावकाश झिजतो. भार नसलेला आधी गळून जातो. तेव्हा ‘झिजून, खपल्या झडून तयार झालेली कमान’ असं लिहा.

वर्गात ‘वालुकाश्म’ म्हणण्याआधी एकदा ‘वाळूचा दगड’ म्हणा. आपल्याकडची पोरं काळ्या पाषाणात वाढलेली; नुसत्या पाण्याने दगडाची वाळू सुटते हे त्यांना सहजी पटायचं नाही.