घाट रंगवणारा जुनाट आणि डाग टाकणारा आर्टिस्ट?

प्रश्न: मी रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. आयुष्यभर मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, आता मेणवलीच्या घाटावर बसून लँडस्केप करतो. पुतण्या आर्ट कॉलेजला आहे, तो म्हणतो काका हे कॅलेंडर झालं, खरी कला अॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे अमूर्त, ओळखीचं काही न दाखवणारी. खरंच तसं असतं का?

उत्तर: सर, नसतं. पण पुतण्यावर लगेच चिडू नका, त्या वयात आम्हीही हेच बोलायचो, मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीमध्ये समजल्यासारखी मान हलवत फिरायचो आणि कळत काही नसायचं.

सावळाराम हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आठवा, 'ग्लो ऑफ होप', म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं. अजून कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात, ते असो. जलरंगात आहे ते, म्हणजे उजेड पांढरा रंग फासून आणायचा नाही, कागदच राखून ठेवायचा. ज्योतीवर धरलेल्या हाताची बोटं आतून लालसर दिसतात ना, तिथे बाई, साडी सगळं विसरून फक्त उजेड कुठे थांबतो आणि अंधार कुठे सुरू होतो एवढंच बघा. आता हे अॅब्स्ट्रॅक्ट म्हणायचं की रिअॅलिस्टिक?

आणि उलट बाजूने अॅब्स्ट्रॅक्टमधलं मोठं नाव, चित्रकार वासुदेव गायतोंडे. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून 1948 ला डिप्लोमा, सुरुवातीला माणसं-आकृत्याच काढायचे, मिनिएचर म्हणजे लघुचित्रांचा अभ्यास केलेला. पुढे आकृत्या गेल्या, रोलर आणि नाइफने थरावर थर द्यायचे, खरवडायचे, वर्षाला पाच-सहाच कॅनव्हास. गंमत म्हणजे अॅब्स्ट्रॅक्ट हा शब्द त्यांना स्वतःलाच नको होता, ते नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे, म्हणजे कुठल्या वस्तूवरून न काढलेलं. 2013 ला मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र 23 कोटींच्या वर गेलं आणि तेव्हापासून पोरांना वाटतं की घाट-झाडं सोडली की झालं. किंमत हा काही कलेचा पुरावा नाही हो.

बाकी कॅलेंडर हा टोमणा कधीकधी खरा असतो, हेही सांगतो. तोच घाट, तीच संध्याकाळ, तेच सोनेरी पाणी हाताच्या सवयीने उतरत असेल तर पुतण्याचं ऐका. चित्र वरची बाजू खाली करून भिंतीला लावा, दोन दिवस येता-जाता बघा. घाट ओळखू येत नसताना रंग-आकार एकमेकांना धरून राहतायत का ते कळेल.

मग पुतण्याचा कॅनव्हास मागवा आणि विचारा, हा लाल इथेच का? सांगता आलं तर चहा पाजा. नाही आलं तर येत्या रविवारी त्याला घाटावर घेऊन जा.